पोथीच्या घरी संगणक नेताना

कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने चित्रकथीची कला पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. रामायण-महाभारतातले प्रसंग सुट्या कागदांवर रंगवलेले असतात. एकेक चित्र समोर धरून कथेकरी गोष्ट सांगतो. या चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

समजा, अशी एक जुनी पोथी आपल्याला स्कॅन करून ठेवायची आहे. कागद जीर्ण झालेला. तो एकदाच हाताळायचा आणि घराबाहेर न्यायचा नाही. म्हणजे संगणकच पोथीच्या घरी न्यायला हवा. तो कसा पारखावा?

आधी कामाचे माप घेऊ. तीस बाय चाळीस सेंटिमीटरचे एक चित्र इंचाला ६०० ठिपके या हिशेबाने स्कॅन केले, तर सुमारे २०० एमबीची फाइल होते. पन्नास चित्रांचे झाले १० जीबी. हे काम तासन्‌तास चालते. त्यासाठी वर्कस्टेशन जातीचा लॅपटॉप हवा.

युनिक्स ही प्रणाली १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जन्मली. तिचे वर्कस्टेशन काखोटीला मारून नेण्याची सोय नवी नाही. १९९०च्या दशकात ब्रिटनच्या टॅडपोल कंपनीने ‘स्पार्कबुक’ काढले होते. आज युनिक्सच्याच वळणाची लिनक्स प्रणाली फुकट मिळते. एका छोट्या आज्ञेचे काम दुसरीकडे सोपवत पन्नास चित्रे एका दमात हाताळता येतात, हा तिचा मोठा गुण.

आता पारख. पेन ड्राइव्हवर लिनक्स घेऊन दुकानात जा. यंत्रात काहीही न बसवता ती त्यावरून सुरू करता येते. आपला स्कॅनर जोडून पाहा. तो ओळखला गेला नाही, तर बाकीचे गुण काय कामाचे?

दुसरे, एकाच चित्रावर तेच काम तासभर चालवा आणि पहिल्या व शेवटच्या वेळचे मिनिट-सेकंद लिहून ठेवा. तापल्यावर बरेच लॅपटॉप आपणहून वेग कमी करतात. पत्रकावरचा वेग पहिल्या काही मिनिटांचा असतो.

तिसरे, चार्जर काढून तेच करा. बॅटरी ६० वॉट-तासांची आणि यंत्र ६० वॉट खाणारे असेल, तर ती तासभरच पुरणार. कोकणातल्या पावसात वीज कधी जाईल, याचा नेम नसतो.

चौथे, डिस्क स्क्रू काढून बदलता येते का, ते विचारा. ती मुख्य पाटीवरच जोडलेली असेल, तर पाटी बिघडल्यावर आतली चित्रेही अडकतात.

आणि शेवटचे यंत्राबाहेरचे. त्याच दिवशी दोन प्रती वेगळ्या डिस्कवर घ्या, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी ठेवा. प्रत तंतोतंत उतरली की नाही, हे लिनक्सवर ‘चेकसम’ काढून ताडता येते. मूळ फाइलचा आणि प्रतीचा आकडा जुळला, तरच प्रत खरी.

लॅपटॉप पाच-सात वर्षांत जुना होईल, दुसरा घेता येईल. पण यंत्र दगा देऊन गेले म्हणून पोथीचे कागद पुन्हा उलगडायची पाळी येता कामा नये. ज्या यंत्रावाचूनही चित्रे आपल्या हाती राहतात, ते यंत्र चांगले.