पत्रीपासून ध्रुवापर्यंत: वनस्पतींची वर्गवारी
(गणेशोत्सवानिमित्त गुंजी येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीला आपण एकवीस पत्री वाहतो. त्यांत दूर्वा आहे, शमी आहे, आघाडा आहे आणि देवदारही आहे. हा देवदार आपल्या खानापूर तालुक्यात कुठे मिळणार? तो हिमालयातला, साधारण १५०० ते ३२०० मीटर उंचीवरचा. म्हणजे थंड डोंगरातले झाड आणि आपल्या पायाखालचे गवत एकाच तबकात शेजारी बसतात. यांची वर्गवारी करायची तर कशी, हा आजचा विषय.

स्वीडनचा कार्ल लिनियस १७३२ साली लॅपलँडच्या थंड मुलखात वनस्पती गोळा करत फिरला. पुढे १७३५ मध्ये त्याने फुलातले पुंकेसर मोजून वनस्पतींचे वर्ग मांडले. ओळख पटवायला ती पद्धत सोयीची होती. पण अमुक जागी अमुकच वनस्पती का तग धरतात, हे पुंकेसर मोजून कळत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डेन्मार्कच्या क्रिस्टेन राउंकियेरने वेगळाच प्रश्न विचारला. वर्षातला वाईट काळ ही वनस्पती कशी काढते? पुढच्या हंगामाचा कोंब कुठे जपून ठेवते?

त्यावरून त्याने मुख्य पाच गट केले. पहिला, उघड्या हवेत उंच कोंब ठेवणारी झाडे-झुडपे. आपली शमी, जास्वंद यातली. दुसरा, जमिनीला बिलगलेली बुटकी झुडपे. तिसरा, जमिनीच्या पृष्ठाशीच कोंब राखणाऱ्या वनस्पती. बरीचशी बारमाही गवते यात येतात. दूर्वेच्या गाठी जमिनीलगत असतात, म्हणून गुरांनी खाल्ली, उन्हाने करपली तरी ती पुन्हा फुटते. चौथा, जमिनीखाली कंद ठेवणाऱ्या. गौरीच्या दिवसांत फुलणारी कळलावी त्यातली. पाचवा, स्वतः मरून फक्त बी मागे ठेवणाऱ्या. आपला तेरडा तसा.

आता ध्रुवाकडे पाहू. उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गेन बेटाचा राउंकियेरचा हिशेब असा: शंभरांत ६० वनस्पती तिसऱ्या गटातल्या, २२ दुसऱ्या, १५ चौथ्या, २ पाचव्या आणि पहिल्या गटातली जेमतेम १. कारण सरळ आहे. उंच कोंब बोचऱ्या वाऱ्यात मरतो. जमिनीलगतचा कोंब बर्फाच्या गोधडीखाली वाचतो. उन्हाळा इतका आखूड, की बी रुजून पुन्हा बी धरायला वेळच पुरत नाही. हिमालयातही देवदाराच्या वर भूर्ज, आणि भूर्ज संपला की बुग्याल म्हणजे गवताची कुरणे लागतात. अंटार्क्टिकात तर मूळच्या फुलझाडांच्या फक्त २ जाती आहेत: एक गवत आणि एक उशीसारखी दाट वाढणारी वनस्पती.

हे आपल्याला कशाला? कारण आपल्याकडेही झाडे नसलेली उंच जागा आहे. कणकुंबी-चोर्ल्याकडचे जांभ्या दगडाचे सडे आठवा. तिथला वाईट काळ थंडीचा नाही, पावसाळ्यानंतरच्या कोरड्या महिन्यांचा. मे महिन्यात तिथे काळा दगड तेवढा दिसतो. श्रावण-भाद्रपदात त्याच दगडावर सीतेची आसवे, दवबिंदू, गेंद फुलतात. माती वीतभरही नाही, म्हणून मोठे झाड टिकत नाही; बी आणि कंद टिकतात. ध्रुवावर पाचवा गट नावापुरता, आपल्या सड्यावर तोच भरभरून. याच डोंगररांगेतल्या सोनकीच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात बेळगावचे नाव आहे.

पण मे महिन्यातला दगड पाहून आपण सड्याला काय म्हणतो? पडीक. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात 'ओसाड खडकाळ' असा वर्गच आहे. एकदा पडीक म्हटले, की तिथे चिऱ्याची खाण काढायला कोणाला वाईट वाटत नाही. चांगल्या मनाची माणसेही खड्डे खणून झाडे लावतात आणि त्या खड्ड्यातले कंद जातात. साताऱ्याजवळचे कास हेही असेच जांभ्याचे पठार. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा म्हणून नोंदवल्या, त्यांत कास आहे. दगड तोच, वर्ग बदलला.

म्हणून आम्हा गुंजीकरांचे आपणा सर्वांकडे तीन गोष्टींचे मागणे. कळलावी आणताना फूल खुडावे, कंद उपटू नये. झाडे जरूर लावावीत, पण बांधावर, शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला, सड्यावर नकोत. आणि आपल्या आज्या-आजोबांना रानातल्या ज्या ज्या वनस्पतींची नावे ठाऊक आहेत, ती मुलांनी एका वहीत उतरवावीत. प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिहावी: ती उन्हाळा कसा काढते, खोडाने, कंदाने की बीने? गावातल्या गावात होणारी ही वर्गवारी आहे, आणि ती वही हातात असेल तर आपल्या रानाला पडीक म्हणणाऱ्याला उत्तर देता येईल.

गणपती बाप्पा मोरया!