मूर्च्छा, बहिरेपण आणि हृदय



1957 साली नॉर्वेमधील येर्वेल आणि लांगे-नील्सन या डॉक्टरांनी एका कुटुंबाची हकिकत प्रसिद्ध केली. सहापैकी चार मुले जन्मतः बहिरी होती. त्यांना वरचेवर मूर्च्छा येई आणि त्यांतील तीन अचानक दगावली. आईवडिलांना मात्र उत्तम ऐकू येत होते.

या रोगाचे मूळ 1997 मध्ये उलगडले. पेशीच्या आवरणात विद्युत्भारित कणांना, म्हणजेच आयनांना, ये-जा करू देणारी सूक्ष्म द्वारे असतात. पोटॅशियमचे असे एक द्वार प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पूर्वस्थितीत आणण्यास साहाय्य करते. तेच अंतर्कर्णातील द्रवाला पोटॅशियम पुरविते. ते घडविणारे जनुक माता व पिता या दोघांकडूनही सदोष आले, तर कान आणि हृदय दोन्ही बाधित होतात. रक्ताच्या नात्यातील विवाहांत हा संभव वाढतो.

धावताना किंवा दचकून बेशुद्ध पडणारे बहिरे मूल फेपऱ्याचे रोगी समजले जाते. कोठे बाहेरची बाधाही मानली जाते. अशा मुलाचा ई.सी.जी., अर्थात हृदयालेख, अवश्य काढावा. निदान वेळीच झाल्यास औषधोपचाराने धोका पुष्कळ कमी करता येतो. शिक्षकाने जागरूकपणे केलेली एक नोंदही बालकाचे प्राण वाचवू शकते.