इंगळी आणि न मिटणारं दार

माण-खटाव असो की जत-आटपाडी, बांधावरचा दगड उचलताना इंगळी, म्हणजे जहाल विंचू, डसली की माणूस म्हणतो, “आग मस्तकात गेली!” ती जाते कशी, एवढंच आज सांगतो.

मज्जापेशीभोवती फार पातळ पापुद्रा असतो. त्याच्या बाहेर सोडियम जास्त, म्हणजे आपल्या मिठातलं. आत पोटॅशियम जास्त, म्हणजे तुम्ही उसाला घालता तो पालाश. पापुद्र्यातला पंप दर फेरीला तीन सोडियम बाहेर काढतो, दोन पोटॅशियम आत घेतो. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण राहते. बॅटरीच्या एका सेलचा जेमतेम विसावा हिस्सा!

नांगी टोचली की पापुद्र्यातली सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, तिथला भार पालटतो. त्या धक्क्याने शेजारची दारं उघडतात, मग त्यांच्या शेजारची. हा संदेश तारेतल्या विजेसारखा धावत नाही, फडातलं पाचट पेटत जावं तसा सरकतो. जळलेलं लगेच पुन्हा पेटत नाही, म्हणून आग पुढेच जाते. फक्त हा फड काही मिलिसेकंदांत पुन्हा तयार होतो. हॉजकिन आणि हक्स्ली या शास्त्रज्ञांनी 1952 साली याचं गणित मांडलं. त्यांना नोबेल मिळालं 1963 साली.

एरवी ही दारं मिलिसेकंदभरात मिटतात. इंगळीचं विष नेमकं ते मिटणंच बिघडवतं. मग संदेशांवर संदेश सुटत राहतात. त्यातून दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, रक्तदाब चढलेला. शेवटी हृदय थकतं, फुप्फुसात पाणी होतं. मांत्रिक जो विंचू ‘उतरवतो’, तो बहुधा सौम्य जातीचा, आपोआप उतरणाराच असतो.

आंबेनळी घाट उतरून पोलादपूर ओलांडलं की महाड. त्या भागात डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी इंगळीच्या रुग्णांना दिली आणि 1986 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याबद्दल लिहिलं. गोळी दारं मिटवत नाही. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करून हृदयाचा भार हलका करते. पूर्वी दगावणारे रुग्ण त्यामुळे वाचू लागले.

तेव्हा घाम फुटून हातपाय गार पडू लागले, तर अंगाऱ्यात वेळ घालवू नका. थेट दवाखाना गाठा आणि किती वाजता डसली, ते डॉक्टरांना आधी सांगा.