सुरतेचा खटला आणि बुलढाण्याची वाचक



संमेलनाध्यक्षानं आधी आभार मानायचे, मग मराठीच्या भवितव्याची चिंता करायची आणि मंडपामागून फोडणीचा वास आला की थांबायचं, असा आपल्याकडचा रिवाज. आभार मनापासून मानते. भवितव्याची चिंता आज दुसऱ्या कुणावर सोपवते. मला बोलायचंय ते मागच्या शतकांतल्या बायका काय वाचत होत्या, कशा वाचत होत्या यावर. हा विषय इथं सुरतेत मुद्दाम काढला, कारण त्यातलं सर्वांत धारदार प्रकरण याच जिल्ह्यात सुरू झालं.

१८८१ साल. विजयालक्ष्मी नावाची तरुण ब्राह्मण विधवा. लोकनिंदेच्या धाकानं तिनं आपलं नवजात मूल मारलं, असा तिच्यावर आरोप होता. सुरतेच्या सत्र न्यायालयानं तिला फाशी सुनावली. पुढं अपिलात फाशी टळून काळ्या पाण्याची सजा झाली, तीही कमी होत पाच वर्षांवर आली. पण वर्तमानपत्रांना विषय मिळाला होता. पुण्याच्या ‘पुणेवैभव’नं बायका बिघडल्याचा सूर लावला. त्या मुलाचा बाप कोण, तो कुठं आहे, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

सुचलं ते शेकडो मैल दूर, वऱ्हाडातल्या बुलढाण्यात. ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकून, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे सभासद. त्यांनी मुलीला घरीच मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. ही बाई घरात बसून वर्तमानपत्र वाचत होती. तिनं त्या मजकुराला उत्तर लिहिलं आणि १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून ते छापून आलं : ‘स्त्रीपुरुष तुलना’.

या पुस्तकाला आपण स्त्रीवादाचा पहिला ग्रंथ वगैरे म्हणतो आणि हार घालून मोकळे होतो. मी त्याकडे एका वाचकाची वही म्हणून बघते. या बाईनं काय काय वाचलं होतं, ते त्यात पानोपानी दिसतं. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या त्या काळच्या लोकप्रिय कादंबऱ्या, ‘मनोरमा’ नाटक, ‘स्त्रीचरित्रा’च्या गोष्टी, पुराणं, वर्तमानपत्रं. बहुतेक पुरुषांनी लिहिलेलं. त्यातल्या बायका एक तर सोन्याच्या पुतळ्या, नाहीतर कपटी. ताराबाई पुस्तकातली बाई आणि शेजारच्या घरातली बाई एकमेकींशेजारी उभ्या करून बघतात आणि लेखकाला जाब विचारतात.

सावित्रीची कथाच घ्या. वटपौर्णिमेला ती कोण ऐकत नाही? सात जन्म हाच नवरा मागून आपण घरी येतो. ताराबाईंनी त्याच कथेवर विचारलं की, नवऱ्याचे प्राण परत आणायला बाई यमापर्यंत गेली, मग बायकोचे प्राण आणायला एखादा नवरा तिकडं गेल्याचं कुणी ऐकलंय का? कथा तीच, शतकानुशतकं ऐकलेली. या बाईनं फक्त पुढचा प्रश्न विचारला.

झालं ते अपेक्षितच. गहजब उठला, आणि टीका करणाऱ्यांत सत्यशोधकांमधलेही होते. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये आपल्या ‘सत्सार’च्या अंकातून ताराबाईंची बाजू घेतली, त्या सहकाऱ्यांचीही भीड ठेवली नाही. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. हे पुस्तकही विस्मरणात गेलं. १९७५ साली अभ्यासक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं. नव्वदहून अधिक वर्षं ते कुणाला नकोच होतं.

आता कुणी म्हणेल, ताराबाई एखादीच. बाकीच्या निरक्षरच होत्या. आकडा बघितला तर खरं आहे. १९०१ च्या खानेसुमारीत देशात हजार बायकांत लिहिता-वाचता येणाऱ्या जेमतेम सात. पण अक्षर ओळखणं एवढंच वाचन, हा हिशेब मला पटत नाही. श्रीधर कवींचे ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ अठराव्या शतकाच्या आरंभी लिहून झाले, १७१८ मध्ये ‘शिवलीलामृत’ आलं. त्यानंतर चातुर्मासात गावोगाव पोथी लागली. वाचणारा एक, ऐकणाऱ्या चाळीस. हातात वाती वळायचं काम, मांडीवर पोर, आणि कान पोथीकडं. कितीजणींना ‘शिवलीलामृता’चा अकरावा अध्याय तोंडपाठ होता! त्यांच्याकडं ग्रंथ नव्हता, पण मजकूर होता. संत बहिणाबाईंना तुकोबांचे अभंग असे कानांवरूनच भेटले. आपल्या खानदेशातल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखच नव्हती. त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी उतरवून घेतलं म्हणून १९५२ साली त्यांची कविता पुस्तकात आली.

कानानं ऐकायला घरात कुणाची हरकत नव्हती. हरकत सुरू झाली ती बाईनं पुस्तक स्वतः हातात घेतल्यावर. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० साली पुस्तकरूपात आल्या, त्या वाचा. नवरा न्यायाधीश, तोच शिकवणारा, आणि तरी घरातल्या बायकांनी त्यांना नकोसं करून सोडलं. १८७९ मध्ये रानड्यांची बदली आपल्या धुळ्याला झाली. तिथं सरकार त्यांची पत्रं तपासत होतं. पुण्याच्या घरात बायको काय वाचते यावर घरच्यांची नजर, धुळ्यात नवऱ्याच्या टपालावर सरकारची. वाचणाऱ्याचा संशय येतोच कुणाला तरी.

पण वाचणाऱ्यांना हात देणारं राज्यही जवळच होतं. इथून तासाभरावरचं नवसारी तेव्हा बडोद्याच्या गायकवाडी मुलखात होतं. तिथले राजे सयाजीराव मूळचे कवळाण्याचे, म्हणजे मालेगावच्या बाजूचे. दत्तक जाईपर्यंत त्यांनाही अक्षर येत नव्हतं. त्यांनी १९०६ मध्ये राज्यभर मुलींसकट सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं, १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत, आणि बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात महिलांसाठी वेगळा विभाग होता. बाईला वाचनालयात यायला जमत नसेल तर वाचनालयाची सोय बदलायची, एवढी साधी गोष्ट त्या राजाला कळली होती.

आणि आज आपला पांडेसरा, सुरतेतली ही कामगारवस्ती? इथं पुरुष कापडाच्या प्रोसेस हाऊसच्या बारा तासांच्या पाळीत. बाई घरात साडीवर स्टोन चिकटवते, धागा कटिंग करते, नगावर पैसे मिळतात. दुपारी चार बायका एकत्र बसून हे काम करतात. कुणीतरी मोबाईलवर मालिका लावून ठेवते, डोळे साडीवर आणि कान मोबाईलवर. मला यात वाईट काही दिसत नाही, ही पोथीचीच बैठक आहे. फक्त आज ऐकवणारा आपल्या निवडीचा नाही. मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकतेय, तिला बसवा की मधे! अर्धा तास मोठ्यानं वाचू दे. आपल्या अहिराणी बोलीत बोलत ऐका, अडेल तिथं भांडा. वाचनासाठी कामाचा हात थांबवायला सांगणारं व्याख्यान मी देणार नाही. ज्यांना नगावर पैसे मिळतात त्यांना ते परवडत नाही.

संमेलनाच्या संयोजकांना मात्र दोन गोष्टी मागते. आपल्या वस्त्यांमधलं जे काही मराठी वाचनालय असेल, ते संध्याकाळी सात ते नऊ उघडं ठेवण्याऐवजी दुपारी दोन ते चार उघडा. सातला बाई चुलीपाशी असते. आणि ‘स्त्रीपुरुष तुलना’च्या पन्नास प्रती आणून वाटा. छोटेखानी पुस्तक आहे, दोन-तीन बैठकींत मोठ्यानं वाचून होतं. शेजारच्या गुजराती बहिणींनाही त्याबद्दल सांगा, कारण विजयालक्ष्मी त्यांच्याच जिल्ह्यातली होती. पुढच्या वर्षी इथं अध्यक्ष कुणीही असो, त्यांच्याआधी या मंडपात दहा बायकांनी उभं राहून त्या पुस्तकाबद्दल आपलं मत सांगावं. पटलं नाही असं म्हणाल्या तरी चालेल.