संगणकाची मेमरी व तिचा मेळ



शाळेला देणगीदाखल मिळालेला जुना संगणक मंद चालू लागला, की कोणी जाणता मनुष्य ‘रॅम वाढवा’ असे सुचवितो. सूचना बहुधा योग्यच असते. परंतु सादिलाच्या तुटपुंज्या रकमेतून खरेदी करावयाची असता दुकानदार सर्वांत वेगवान पट्टी पुढे करतो, आणि तीच सर्वांत उपयोगी असा समज होतो. तो कित्येकदा फसवा ठरतो.

प्रोसेसर हिशेब करतो. हिशेबाची सामग्री मेमरीत असते. आणि ती ज्या मार्गाने प्रोसेसरकडे येते, त्यास बस म्हणत. मोट आता फारशी दिसत नाही, तरी वडीलधाऱ्यांना ती आठवत असेल. प्रोसेसर हे शेत, बस हा पाट व मेमरी ही मोट समजावी. पाट रुंद असून मोट लहान असेल, तर शेत तहानलेले राहते. मोट मोठी असून पाट अरुंद असेल, तर मोटेवरचा जास्तीचा खर्च वाया जातो.

इंटेल कंपनीचा पेंटियम ४ प्रोसेसर नोव्हेंबर २००० मध्ये निघाला. त्याच्या बसचे घड्याळ १०० मेगाहर्ट्झचे. प्रत्येक ठोक्यास चार वेळा, दर वेळी ८ बाइट. गुणाकार केला असता सेकंदास ३२०० मेगाबाइट येतात. सोबतची रॅमबस मेमरी दोन मार्गांनी मिळून बरोबर तितकेच देई. मात्र ती फार महाग होती. म्हणून २००१ साली स्वस्त एसडीरॅम लावण्याची सोय झाली. तिचा वेग १३३ मेगाहर्ट्झ, ठोक्यास एकदाच ८ बाइट, म्हणजे सुमारे १०६६ मेगाबाइट. पाटाचा जेमतेम तिसरा हिस्सा! ज्यांनी प्रोसेसरचा आकडा पाहून यंत्र घेतले, त्यांना पैशाचा पुरता मोबदला मिळाला नाही.

२००३ साली बस ८०० वर गेली. तिची क्षमता ६४०० मेगाबाइट झाली. डीडीआर ४०० जातीची एक पट्टी ३२०० देते; म्हणून दुमोटी विहिरीप्रमाणे दोन पट्ट्या जोडीने लावणे भाग झाले. येथे पुष्कळांची गफलत होई. एकच मोठी पट्टी घेतली, तर साठा तितकाच, परंतु प्रवाह निम्मा. उलट, ५३३ च्या बसला सेकंदास सुमारे ४२६६ मेगाबाइट लागत; ते डीडीआर २६६ च्या दोन पट्ट्या पुरवीत. तेथे ४०० ची महाग पट्टी बसविली, तरी ती सावकाशच चालविली जाई. वेगवान व मंद पट्ट्या एकत्र लावल्या, तर सर्व पट्ट्या सर्वांत मंद पट्टीच्या चालीने चालतात. बैलजोडीहून हे निराळे नाही.

त्या घडणीची बस आज उरलेली नाही. एएमडीने २००३ साली व इंटेलने २००८ साली मेमरीचे नियंत्रण प्रोसेसरमध्येच आणले, आणि मेमरी थेट त्यास जोडली जाऊ लागली. हिशेब मात्र तोच आहे. डीडीआर ४ जातीची २४०० ची पट्टी सेकंदास १९,२०० मेगाबाइट देते, आणि जोडीने ३८,४००. प्रोसेसर कोणता वेग स्वीकारतो, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत पाहावे. जोडीच्या खाचा कोणत्या, तेही तेथेच दिलेले असते. डीडीआर २, ३, ४ यांच्या पट्टीतील खोबण निरनिराळ्या जागी असते. पट्टी बसत नसेल, तर जोर लावू नये.

खरेदीपूर्वी आणखी एक गोष्ट पाहावी. पुष्कळ जुन्या यंत्रांत वेगाची नव्हे, साठ्याची उणीव असते. एक गिगाबाइटच्या यंत्रावर दोन-तीन कामे उघडताच मेमरी भरते व सामग्री मंद हार्ड डिस्कवर जाऊ लागते. अशा वेळी साध्या वेगाच्या दोन समान पट्ट्यांनी अधिक लाभ होतो. मात्र शाळेतील विंडोज ३२ बिटची असेल, तर ४ गिगाबाइटच्या पुढील मेमरी तिला वापरता येत नाही.