बेचाळीस दिवसांची पोस्टिंग



नर्सिंगच्या मुली कम्युनिटी पोस्टिंगला खेड्यात उतरल्या की गावाला वाटतं, या आपल्याला शिकवायला आल्या. मुलींनाही तसंच वाटतं. सर्व्हेचे फॉर्म भरायचे, हात धुण्याचा तक्ता दाखवायचा आणि परतायचं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात तरी हे उलटं व्हावं, असं मला मनापासून वाटतं. या मुलखातल्या बायकांनी वैद्यकालाच धडे दिले आहेत.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तेव्हा न्यूमोनियानं बाळं दगावत होती. तान्ह्या बाळाचे श्वास मिनिटाला साठच्या घरात गेले की धोका. पण साठपर्यंत मोजता न येणाऱ्या सुइणीनं तो ओळखायचा कसा? मग मण्यांची एक चौकट तयार झाली, जोडीला मिनिटभराचं वाळूचं घड्याळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांखालच्या बाळासाठी पाच मण्यांनंतर लाल मणी, मोठ्यासाठी चारनंतर. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा. निरक्षर सुईण निदान करू लागली! पुढे ३९ गावांत आरोग्यदूत बायकांनी घरातच नवजात बाळांना सांभाळलं. तुलनेच्या गावांपेक्षा तिथले नवजात-मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं.

आज देशभर आशा स्वयंसेविका, म्हणजे आपल्या आशाताई, बाळंतिणीच्या घरी जातात, त्यामागे हेच काम आहे. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल, तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. प्रत्येक विद्यार्थिनीनं एका तरी बाळंतिणीच्या या सहाही भेटी आशाताईंच्या मागे बसून पाहाव्यात. एका भेटीत बाळाचं वजन कळतं. ते वाढतंय का, हे पुढच्या भेटींतच कळतं. भामरागड, एटापल्लीकडे तर घरात माडिया बोलली जाते. बाळाला आधी पुजाऱ्याकडे का नेलं, सासूला कशाची भीती वाटते, भर पावसात नाला ओलांडायचा कसा, हे फॉर्ममध्ये मावत नाही. ते आशाताईच समजावून सांगतील.

पोस्टिंगचं वेळापत्रक यात बसत नाही, असं महाविद्यालयं म्हणतील. मग वेळापत्रक बदला. एका गटाला एकच गाव द्या, सलग सहा आठवडे. मुलींच्या गुणपत्रिकेत आशाताईंचा शेरा धरा, आणि या शिकवण्याचं मानधन त्यांना वेगळं द्या.