परक्या भाषेची आखणी आणि आपली खेड्यातील शाळा
(प्राथमिक शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



परकी भाषा शिकविण्याची योजना म्हटली की ती शहरातील मोठ्या शाळांची बाब आहे, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. परंतु परकी भाषा आपल्या दोनशिक्षकी शाळेच्या उंबरठ्याच्या आत येऊन बरीच वर्षे लोटली. ती यावी की न यावी हा प्रश्न आता आपल्या हाती उरलेला नाही. ती कशी शिकवावी हा प्रश्न मात्र सर्वस्वी आपलाच आहे.

मागील इतिहास थोडक्यात पाहू. पूर्वीच्या मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या कारकिर्दीत इंग्रजीचा आरंभ आठव्या इयत्तेपासून होत असे. पुढे तो पाचवीपर्यंत खाली आला. सन २००० मध्ये शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या काळात इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा निर्णय निघाला व जून महिन्याच्या अखेरीस तो मागेही घेण्यात आला. धोरणे अशी वरखाली होत राहतात. वर्गात बसलेले सहा वर्षांचे मूल मात्र तेच असते, आणि त्याला उद्या सकाळी काय शिकवावयाचे हे ठरविणे आपल्याला टाळता येत नाही.

म्हणून आखणीचा पहिला प्रश्न असा की, हे मूल कोणती भाषा घेऊन शाळेत येते? कागदोपत्री आपली शाळा मराठी माध्यमाची आहे. परंतु धुळे, अमळनेर, पारोळा या भागांत घरची बोली अहिराणी आहे. चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर पावरी ऐकू येते, साक्रीच्या पश्चिमेस कोकणी व भिली, तर चाळीसगावकडील तांड्यांवर बंजारा. ग्रिअर्सनसाहेबांनी भारताच्या भाषांच्या पाहणीत १९०७ साली खानदेशीची नोंद भिली बोलींसमवेत, मराठीहून वेगळ्या खंडात केली, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्या मुलाच्या तोंडी ‘डोळा’ नसून ‘डोया’ आहे, जे ‘कुठे जातोस?’ असे न विचारता ‘कथा जाई राहिना?’ असे विचारते, त्याला पुस्तकी मराठी हीच दुसरी भाषा होय. मग इंग्रजी त्याच्या वाट्याला तिसरी येते. शहरातील मुलासाठी केलेली आखणी त्याच्यावर जशीच्या तशी लादली, तर दोन्ही भाषा कच्च्या राहतात आणि ‘पोराला काही येत नाही’ असा ठपका त्या मुलावर येतो. हा अन्याय आहे.

यावर बोली बंद करणे हा उपाय नव्हे. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी १९५२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि सबंध महाराष्ट्र थक्क झाला. घरच्या बोलीत केवढे सामर्थ्य असते याचा याहून वेगळा पुरावा आपल्याला नको. नव्या शब्दाचा अर्थ मुलाच्या बोलीत सांगावा, मग मराठीत, आणि त्यानंतर इंग्रजी शब्द त्याच्या ओठी द्यावा. अर्थ आधी पक्का झाला म्हणजे शब्द टिकतो.

दुसरा प्रश्न उद्दिष्टाचा. चौथीच्या अखेरीस मुलाला नेमके काय यावे, हे आपण एका कागदावर लिहून ठेवावे. वर्गातील साध्या सूचना ऐकून कृती करणे, आपले नाव, गाव, घरची माणसे व शेतातील वस्तू यांविषयी चार वाक्ये बोलणे, आणि छोटी वाक्ये समजून वाचणे, एवढे जरी खरोखर साधले तरी पुष्कळ झाले. मुळाक्षरे घोटून वही भरविणे हे उद्दिष्ट नव्हे.

तिसरा प्रश्न वेळेचा. आठवड्यातून दोन लांब तासांपेक्षा रोजची वीस मिनिटे अधिक फलदायी ठरतात. जेथे एकच शिक्षक दोन-दोन इयत्ता सांभाळतो, तेथे तोंडी काम दोन्ही इयत्तांना एकत्र देता येते. आरंभ ओळखीच्या शब्दांपासून करावा. ट्रॅक्टर, पाइप, मोटार, टिकीट, स्टँड, डॉक्टर हे शब्द मुलाच्या घरात आहेतच; ते आपण इंग्रजी बोलतो आहोत याची त्याला कल्पना नसते, एवढेच.

चौथा प्रश्न सातत्याचा, आणि सर्वांत दुर्लक्षित. मूल चौथीनंतर दुसऱ्या गावच्या शाळेत गेले की तेथील शिक्षक पुन्हा पहिल्या अक्षरापासून आरंभ करतात. चार वर्षांचे श्रम वाया जातात. केंद्राच्या शिक्षण परिषदेत खालच्या व वरच्या वर्गांच्या शिक्षकांनी एकत्र बसून मुलाला काय येते याची यादी एकमेकांच्या हाती द्यावी. यास एक पैसाही लागत नाही.

साधनांच्या अभावाचा उल्लेख आपण कराल. त्यासाठी औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गाडीवाट या खेड्याचे उदाहरण देतो. तेथील जिल्हा परिषद शाळेने २०१९ मध्ये कोणती परकी भाषा शिकावयाची हे मुलांनाच विचारले. बहुतेकांनी जपानी निवडली, कारण त्यांना यंत्रमानवांविषयी ओढ होती. २०२० मध्ये ती भाषा जाणणाऱ्या एका गृहस्थांनी इंटरनेटवरून विनामूल्य वर्ग घेतले, आणि ज्यांच्या घरी मोबाइल नव्हता त्यांना वर्गमित्रांनी शिकविले. आपण उद्या जपानी सुरू करावी, असे मी सुचवीत नाही. आधी मुलाची जिज्ञासा, मग जाणकाराचा शोध आणि शेवटी परस्परांचे साहाय्य, हा क्रम मात्र आपल्या कोणत्याही पाड्यावर चालू शकेल.

बंधुभगिनींनो, इंग्रजीच्या आशेने पालक ऐपत नसताना मुलांना दूरच्या महागड्या शाळांत घालतात आणि आपले वर्ग ओस पडू लागतात. त्यांना दोष देऊन ते परत येणार नाहीत. आपल्या वर्गातील मूल घरची बोली न विसरता शुद्ध मराठी वाचते आणि न बिचकता दोन वाक्ये इंग्रजीत बोलते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले म्हणजेच ते परततील. या सत्रात प्रत्येक शाळेने आपल्या मुलांच्या घरच्या बोलींची नोंद करून आखणीचा तो एक कागद तयार करावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.